गंगेच्या अलीकडचं माहेर

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे घरच्यांना वाटतं की याला सगळं लिहिता येत असणार. तसं काही नाही. त्यात मी जे सांगणार आहे तो विषयसुद्धा माझा नव्हे. आमच्याकडे भावानं बहिणीच्या बाळंतपणाबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. पुरुषांनी बाहेर ओट्यावर बसायचं आणि आतून कुणी येऊन सांगेल तेवढं ऐकायचं. खरं तर हे सांगायला माझ्या मायनं बसायला हवं. पण तिला अक्षर येत नाही, आणि तोंडी सांगायला बसली की दोन वाक्यांनंतर तिला चुलीवरचं काहीतरी आठवतं. म्हणून मी लिहितो आहे. कुठं चुकलं, कुठं न बोलायचं बोललो, तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं.

आम्ही औशाचे. लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षी पावसानं पोळ्याच्या आधीच पाठ फिरवली. मूग-उडीद फुलात असतानाच वाळले. माझा बा औशाच्या मोंढ्यात हमाल. एरवी भादव्यात मोंढ्यात नव्या मुगाची पोती येऊन पडायला लागतात, आणि बा संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या मानेवर, कानामागं मुगाची फोलपटं चिकटलेली असतात. त्या भादव्यात त्याची मान कोरडी आणि स्वच्छ होती. हमाल लोक आडतीच्या सावलीला बसून दुपारभर गप्पा मारायचे, आणि गप्पासुद्धा संपल्या की नुसतेच बसायचे.

मग बाला लातूरला काम मिळालं. नवा जिल्हा म्हणजे कागदावर रेघ ओढली की झालं, असं मला वाटायचं. पण उस्मानाबादहून ट्रकांमधून कपाटं येत होती, टेबलं येत होती, दोरीनं बांधलेले दप्तरांचे गठ्ठे येत होते, आणि ते सगळं कुणाच्या तरी पाठीवरून जिन्यानं वर जात होतं. बा आठवडाभर तिकडंच राहायचा. रात्री ज्या कचेरीत कपाटं चढवली तिच्याच व्हरांड्यात झोपायचा आणि रविवारी घरी यायचा. एकदा मी घरी असताना तो मायला सांगत होता, "कलेक्टर सायबाच्या आदी त्येंची खुर्ची आली, आन खुर्चीच्या आदी मी."

माय म्हणाली, "बसून बगितली का?"

"बसलो की. जरा वेळ. मग शिपाई आला."

"मग?"

"मग काय, तो बी बसला."

मी तेव्हा नांदेडला शिकत होतो. कॉलेज विष्णुपुरीला, म्हणजे गंगेच्या पलीकडे. गोदावरीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. खोली मात्र शहरात, अलीकडच्या अंगाला, एका आजींच्या घरामागची पत्र्याची पडवी. रोज सायकलनं पूल ओलांडून जायचो. आधी आम्ही दोघं जण होतो. सोबतचा मुलगा त्या वर्षी गावाकडं वावराची दशा बघायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. त्याची पत्र्याची पेटी तेवढी माझ्या खाटेखाली राहिली.

माझी मोठी बहीण, अक्का, उमरीला दिलेली. तिला दिवस गेले होते. पहिली खेप. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत आहे, आणि मायच्या मनात त्या वर्षी दुसरं काहीही नव्हतं. दुष्काळाचंसुद्धा तिला एवढं वाटत नव्हतं; मोठ्या दुष्काळात तिनं खडी फोडलेली आहे. पण माय लहान असतानाच तिची आई गेली होती. अक्काच्या वेळी तिला न्यायला कुणी आलंच नाही. ती सासरीच बाळंत झाली आणि पाचवीच्या आत पुन्हा चुलीपुढं बसली. हे ती कधी रडून सांगत नाही. वाकळ शिवता शिवता एकदा म्हणाली होती, "मला माहेर न्हवतं, तर न्हवतं. पर माज्या लेकीला हाय नव्हं?" ती वाकळ बाळासाठीच होती. आपली दोन जुनी लुगडी उसवून आषाढापासून ती रोज थोडी थोडी शिवायची.

आता महिन्यांचा हिशेब सांगायला हवा, कारण सगळा घोळ तिथंच झाला. मी हे लिहिताना थोडा संकोचतो, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लेकीला सातव्यात आणतात. आठव्या महिन्यात तिला हलवत नाहीत, तो महिना नाजूक धरतात. मग एकदम नवव्यात. अक्काला सातवा लागला तो श्रावणात. पंचमीला मुराळी म्हणून मीच तिला आणायला जायचो, पण त्या वर्षी मायनं मला पाठवलं नाही. आमच्या आळीतला हापसा तेव्हाच कोरडा खडखडायला लागला होता. एक घागर भरायला अर्धी सकाळ जायची. माय म्हणाली, "वल्या बाळंतिणीला रोज न्हाऊ घालायचं असतंय. पाणी कुठनं आणू? जरा पाऊस पडू दे, मग आणू." पाऊस पडला नाही. भादवा लागला, म्हणजे आठवा. आता हलवायचं नाही. ठीक आहे, भादवा संपला की नववा लागेल, घट बसायच्या सुमाराला आणू, असं ठरलं.

आणि भादव्याच्या मागून धोंडा आला. दर दोन-तीन वर्षांनी पंचांगात एक जास्तीचा महिना येतो, त्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. त्या वर्षी तो नेमका नवरात्राच्या तोंडावर आला. पितर जेवून गेले, आता घट बसायचे, तर मध्येच एक अख्खा महिना पसरला. या महिन्यात शुभ काम करत नाहीत. तो महिना मोजायचाच नसतो, असं म्हणतात. फक्त लेक-जावयाला जेवायला बोलावून जावयाला गोड धोंडे खाऊ घालायचे.

मी सुट्टीत औशाला गेलो तेव्हा माय म्हणाली, "धोंड्याचं आवतन कुणाला न्हाई म्हणता येत न्हाई. तू उमरीला जा. जावयाला बोलाव, आन अक्काला पाठवत्यात का बग."

"नववा लागला असेल ना तिला?" मी कसंबसं विचारलं. जमिनीकडं बघूनच विचारलं.

"धोंडा धरत न्हाईत," माय म्हणाली. "आठवाच चालू हाय." आणि जरा थांबून, "तरी बग."

मला ते पटलं नाही. वर्षातून महिना गाळला तरी दिवस गाळले जात नाहीत, एवढं मला कळत होतं. पण आईशी या विषयावर वाद घालणं माझ्याच्यानं झालं नाही.

नांदेडहून पॅसेंजर गाडीनं उमरीला गेलो. रुळाच्या दोन्ही बाजूंना कापूस उभा होता, गुडघ्याएवढाच, पण हिरवा होता. त्या भागात पाऊस आमच्यापेक्षा बरा झाला होता. अक्काच्या सासूबाई दारातच गेल्या सालच्या कापसाच्या वाळक्या परकाट्या सरपणासाठी रचत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या पाव्हणं. पंचमीचं मूळ धोंड्याला आलं का?"

मी हसलो. दुसरं काय करणार. अक्कानं आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. ती चालताना एक हात कमरेवर ठेवत होती. मी लगेच दुसरीकडं बघितलं.

मी आवतण दिलं. जावयाचं काही अडलं नाही. दाजी अबोल माणूस, मान हलवून वावरात निघून गेले. अक्काचं काढल्यावर मात्र सासूबाई खाली बसल्या, हात धुतले, आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या. "माघ येक. फागुन, चैत, वैशाख. जेठ पाच, आखाड सा, सावन सात, भादवा आठ. आता धोंडा. धोंडा धरत न्हाईत. म्हंजे आठवाच. घट बसले की नववा, दिवाळीच्या अल्याड-पल्याड मोकळी व्हईल. आठव्यात पोर हलवू व्हय मी?"

मी म्हणालो, "मावशी, पण दिवसांचा हिशेब केला तर..."

"पाव्हणं, बाळ काय तुमच्या कॉलेजातलं हाय, तारीख बगून यायला?"

आत अक्का हसल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं, आणि लाजही वाटली.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे मला लिहायलाच हवं. त्या म्हणाल्या, "हे बगा, औशाला पाणी न्हाई हे मला ठावं हाय. हितं हीर भरलेली हाय. इहीणबाईंनीच हितं यावं, ऱ्हावं, लेकीचं करावं. मी आड येते का?"

"माय तुमच्याकडं पाणी पीत नाही," मी म्हणालो. हीसुद्धा रीतच. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. माय एकदा उमरीला आली होती तेव्हा आपली दशमी स्टेशनावर खाऊन आली होती आणि तहानेली परत गेली होती.

"ते बी खरंच," सासूबाई म्हणाल्या. रीतीपुढं त्यांचंही काही चालेना.

तेवढ्यात अक्का उंबऱ्यात येऊन उभी राहिली. ती सासूपुढं फार बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "आत्याबाई, धोंडा तुमच्या पंचांगात हाय. माज्या पोटात न्हाई. मला नववा हाय. मला कळून ऱ्हायलंय की."

सासूबाई उठल्या आणि तिला घेऊन आत गेल्या. मी अंगणातल्या परकाट्या मोजल्यासारखं करत बसलो. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "खाली आलंय खरं," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "असल नववा. दिवाळीपस्तोर दम धरल न धरल. पर औशापस्तोर येष्टीचे धक्के? आन सातवा सरला की पोटुशी बाई गंगा वलांडत न्हाई. आमच्या आठ गावांत कुणी वलांडली न्हाई. गंगेच्या अलीकडं कुठं तुमचं घर असतं, तर आज पाठवली असती."

हे त्यांनी नाही म्हणायलाच सांगितलं होतं. पण अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "हाय की."

मला कळायलाच वेळ लागला. मग कळलं, नांदेड शहर आणि उमरी गंगेच्या एकाच काठाला. माझी खोली म्हणजे एक खाट, एक वातीचा स्टोव्ह, दोरीवर दोन शर्ट. पत्रा दुपारी असा तापतो की मी पुस्तकं घेऊन पुलाखाली जाऊन बसतो. तिथं माझी बहीण बाळंत होणार?

"तिथं कोण हाय हिचं बगायला?" सासूबाईंनी विचारलं.

"माय येईल," अक्का म्हणाली. मला न विचारता. मायलाही न विचारता.

मला सगळ्यात भीती आजींची, म्हणजे घरमालकीणबाईंची वाटत होती. खोली देताना त्यांनी बजावलं होतं की पाहुणेरावळे चालायचे नाहीत. मी त्यांच्या दारात बराच वेळ उभा राहिलो.

"काय रे? बोल."

"आजी, माझी बहीण येणार आहे."

"किती दिवस?"

"बाळंत होईपर्यंत."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "विद्यार्थी म्हणून खोली दिली होती मी तुला."

मी दारातल्या त्यांच्या चपला सरळ लावून ठेवल्या.

"आणि सोबत कोण?"

"आई."

"मग ठीक आहे. तुझ्या एकट्याच्या भरवशावर नसतं येऊ दिलं तिला." आणि मी वळल्यावर मागून म्हणाल्या, "त्या पत्र्याखाली दुपारी जीव जातो. दुपारचं तिला माझ्याकडे झोपायला पाठव. गल्लीतल्या नर्सबाईंना मी सांगून ठेवते."

माय आली ती वाकळांचं मोठं गाठोडं घेऊन. बाळाची नवी एक, आणि घरच्या सगळ्या जुन्या. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवावं लागतं, आणि औशात धुवायला पाणी नव्हतं, म्हणून ते गाठोडं एसटीच्या टपावरून नांदेडला आलं. मी तिला नदीवर घेऊन गेलो. तिनं पायरीवर गाठोडं ठेवलं, लुगडं जरा वर खोचलं, पाण्यात पाय सोडून बसली आणि बराच वेळ वाकळ भिजवलीच नाही. शेजारच्या बाया धपाधपा कपडे आपटत होत्या. मी विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई. हितनं रोज येक घागर येष्टीत घालून पाठवता आली असती, तर?"

"कंडक्टर तिकीट मागेल."

"घागरीला अर्धं लागतंय का रं?" ती म्हणाली, आणि मग वाकळा धुवायला लागली.

अक्का आली धोंडा सरायच्या बेताला. दाजी सोडायला आले. मायनं माझ्या स्टोव्हवर पुरण शिजवलं, धोंडे तळले, आणि जावयाला बसायला पाट नव्हता म्हणून त्या गेलेल्या मुलाची पेटी खाटेखालून ओढून तिच्यावर धुतलेली वाकळ टाकली. दाजी त्या पेटीवर अवघडून बसले आणि निमूट सगळं खाल्लं. जाताना म्हणाले, "आई दिवाळीच्या आदी येती म्हणली, बाळंतविडा घेऊन." त्या दिवशी ते एवढंच बोलले.

आता प्रश्न घटाचा होता. आमच्या घरी घट बसतो. वावरातली माती आणून तिच्यात धान्य पेरायचं, मध्ये पाण्याचा घट ठेवायचा, रोज फुलांची एक माळ वर बांधायची आणि समई विझू द्यायची नाही. माय लग्न होऊन आल्यापासून तो कधी चुकला नाही. बा लातूरला. माय नांदेडला. "घट चुकवायचा न्हाई," माय म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं.

तर असं झालं की माझ्या खोलीत माय राहायला आली आणि मायच्या घरी मी. जाताना पुस्तकं पिशवीत घातली, कारण दिवाळीआधी परीक्षा होती. ती पिशवी औशात पहिले तीन-चार दिवस मी उघडलीसुद्धा नाही. वेळच मिळाला नाही.

हापशावर पहाटे नंबर लावायचा. माझ्यापुढं-मागं सगळ्या बाया. पहिल्या दिवशी एकजण म्हणाली, "आज नवी सून आली वाटतं."

दुसरी म्हणाली, "सून शिकलेली दिसती. घागर कमरेवर घेता येईना."

मी घागर डोक्यावर घेतली आणि अर्धी अंगावर सांडली. तेव्हा कुणी हसलं नाही. सांडलेल्या पाण्याकडं सगळ्या बघत राहिल्या. त्या दिवसापासून मी दोन फेऱ्या जास्त करायचो, पण घागर अर्धीच भरायचो.

शेजारच्या काकूनं मला माती चाळायला शिकवलं, गहू-ज्वारी-हरभरा किती खोल पेरायचा ते दाखवलं. भाकरी ती दोन जास्त करायची. फुलांची पंचाईत होती. कारळ्याची फुलं त्या वर्षी कुठंच नव्हती. पण गावाबाहेर माळावर तरवड फुललेला असतो, त्याला पाऊस लागत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत जाऊन रुमालभर पिवळी फुलं आणायची, माळ ओवायची, घटाला पाणी शिंपडायचं. ते पाणी पिण्याच्या हंड्यातलं. दरवेळी ओंजळ घेताना मला हापसा आठवायचा. माय हे कसं करायची, आणि चेहऱ्यावर न दिसू देता कसं करायची, याचा मी तेव्हा पहिल्यांदा विचार केला. त्याबद्दल अजून काही लिहावंसं वाटतं, पण नीट जमत नाही.

तिसऱ्या माळेला काकू माळ बघायला आली आणि म्हणाली, "पोरा, येक इचारू का? अक्का मोकळी झाली म्हंजे सोयर कुणाला?"

बाळ जन्मलं की घराला सोयर लागतं, म्हणजे विटाळ. त्या दिवसांत देवाला, घटाला हात लावायचा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यानं तेवढं करायचं. लेक माहेरी बाळंत झाली तर माहेरच्यांना तीन दिवस सोयर असतं. सासरी झाली तर माहेरच्यांना काहीच नाही.

"तुजी खोली काय धरायची? माहेर का सासर?"

दुसऱ्या दिवशी हापशावर ते सगळ्यांपर्यंत पोचलं होतं.

"भाड्याची खोली म्हंजे धर्मशाळाच की. तिथलं कसलं सोयर?"

"आगं, पर माय हाय नव्हं तिथं. माय हाय तिथं माहेर."

"मग माय बाजारात बसली की बाजार माहेर व्हय?"

"चूल कुणाची पेटली त्येच्यावर हाय."

"चूल कुठली, इस्टो हाय."

त्यांनी बराच वेळ वाद घातला, नंबर पुढं सरकत राहिला, आणि काही ठरलं नाही. मी घरी येऊन समईत तेल घातलं. मला त्या प्रश्नाची चेष्टा वाटेना. मायनं वर्षभर एकच गोष्ट धरून ठेवली होती, की लेक माहेरी बाळंत व्हावी. पाण्यानं ते होऊ दिलं नाही, मग महिन्यानं, मग गंगेनं. आणि शेवटी जे जमलं ते एका विद्यार्थ्याच्या पडवीत. ती तिथं राहिली, तिनं जावयाला जेवू घातलं, पण रात्री पाठ टेकल्यावर तिला तरी ते माहेर वाटत होतं की नाही, हे तिला विचारायची सोय नव्हती.

रविवारी बा आला. मी त्याला विचारलं. तो पाय धूत होता, म्हणजे ओल्या फडक्यानं पुसत होता.

"मला कपाट कुटं ठिवायचं ते सायब सांगतोय," तो म्हणाला. "हितलं तुजी माय सांगती. ती काय म्हणल ते."

"पण ती सांगणार कशी? आणि निरोप यायच्या आत मी घटाला हात लावला तर?"

"ठावं न्हाई तवर दोष न्हाई." मग तो घटापुढं बसला. मातीतून बारीक पांढुरके कोंब वर आले होते. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "उगवलंय की रं. तुज्या हातानं."

नांदेडहून सोलापूरला जाणारी गाडी सकाळी उशिरा औशाला थांबते. तिचा कंडक्टर आमच्याच आळीतला, आणि मायनं त्याला गाडी सुटायच्या आधी खोलीवर डोकावून यायला सांगून ठेवलं होतं. मी रोज फुलं आणायला गेलो की येताना स्टँडवर थांबायचो. गाडी यायची, कंडक्टर खिडकीतून मान हलवून नाही म्हणायचा, आणि मी घरी यायचो. सहाव्या माळेला गाडी आलीच नाही. कुठंतरी बिघडली, असं स्टँडवर म्हणत होते. त्या दिवशी मी माळ बांधली खरी, पण गाठ दोनदा सुटली.

सातव्या माळेला गाडी आली. माझ्या हातात तरवडाच्या फुलांचा रुमाल होता. कंडक्टर दार उघडून खाली उतरला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे, कारण एरवी तो उतरत नाही.

"पोरगी झाली," तो म्हणाला. "परवा पहाटं, आमची गाडी सुटल्यावर. दोघी बऱ्या हायेत. काल गाडीच न्हाई आली, न्हाईतर कालच सांगितलं असतं. सासू दिवाळीची वाट बगत बसली उमरीला, तिला आता सांगावा धाडलाय."

मी नुसतं व्हय म्हणालो.

तो गाडीत चढता चढता थांबला. "आन हां, तुज्या मायनं लई बजावून सांगितलंय. बाळाला न्हाऊ घालत व्हती, तिथनंच वरडून सांगितलं. घटाला हात लावू नगस. घरात सोयर हाय. आजचा दिवस काकूला करू दे." त्यानं दार ओढलं आणि पुन्हा थोडं उघडलं. "मला काय कळलं न्हाई बाबा. बाळ तिकडं खोलीत, घट हिकडं. सोयर कसलं रं?"

गाडी गेली. मी घरी आलो, पण आत गेलो नाही. फुलांचा रुमाल काकूच्या उंबऱ्यावर ठेवला आणि बाहेरूनच तिला हाक मारली.